वाफ्यात हे काय काय उगवलंय? उपटण्याआधी ओळख पटवून द्या

ओवी_सातारा | ४ जुलै, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. घराच्या पुढच्या अंगाला दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा एक वाफा आहे. मे महिन्यात तो खणून घेतला, दोन पोती शेणखत मिसळलं आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर घरातल्या सगळ्या पुड्यांमधलं बी टाकलं. झेंडू, कॉसमॉस, तेरडा, कोंबडा आणि ऑफिस टाइम, एवढं नक्की होतं. प्रत्येक बियाण्याच्या जागी आइस्क्रीमची काडी खोचून त्यावर पेनानं नाव लिहिलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात असा पाऊस झाला की अर्ध्या काड्या वाहून गेल्या, उरलेल्यांवरची शाई गेली आणि बी कुठलं कुठे सरकलं.

आता वाफा हिरवागार झालाय, पण त्यातलं माझं काय आणि आगंतुक काय ते कळत नाही. रविवारी माळीदादा येणार आहेत. ते खुरपं घेऊन सगळं साफ करतात. सासूबाईंनाही गौरी येण्याआधी वाफा स्वच्छ हवाय. मला मात्र एकही चुकीचं रोप जायला नकोय. म्हणून जमेल तसं वर्णन लिहिते.

नंबर १: दोन जाड, गोल पानं, टोकाला बारीकशी खाच. देठ काचेसारखा, काहींचा लालसर.
नंबर २: सगळ्यांत दांडगं. पहिली दोन पानं रुपयापेक्षा मोठी, त्यांतलं एक दुसऱ्यापेक्षा लहान. हे मी पेरलेलं नाही.
नंबर ३: कापरी पानं, जमिनीला चिकटून गोल पसरलंय.
नंबर ४: हेही कापरी, पण उभं वाढतंय.
नंबर ५: लांब देठाची दोन गोलसर पानं, मग त्यावर साधी, दातेरी कडांची पानं. वाफ्याच्या एका कोपऱ्यात आठ-दहा.
नंबर ६: जमिनीवर सरपटणारं, तांबूस, बारीक पानांचं.
नंबर ७: अगदी बारीक रोपं, पानांच्या खालच्या बाजूला जांभळट झाक. भरपूर आहेत.

---

गच्चीवरची_बाग | ४ जुलै, ८:०२

रुमाल टाकून ठेवते. माझ्याही कुंड्यांत सध्या हेच चाललंय.

---

नवशिका_माळी | ४ जुलै, ८:१५

फोटो काढून मोबाइलवरच्या ॲपला विचारा की. क्षणात नाव सांगतं.

---

शिरीषकळी | ४ जुलै, ९:३०

@नवशिका_माळी, फुललेल्या झाडाला ॲप चांगलं ओळखतं. दोन-चार पानांच्या रोपाला मात्र सकाळी एक नाव देतं आणि संध्याकाळी दुसरं. त्यात ॲपचा फार दोष नाही. झाडं ओळखायची आपली सगळी पद्धतच फुलावर उभी आहे. लिनियसनं अठराव्या शतकात पुंकेसर मोजून वनस्पतींची वर्गवारी केली, आणि आजही वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आधी फूल उघडून बघतात. रोपाकडे फूल नसतं, म्हणून त्याला वेगळ्या रीतीनं विचारावं लागतं.

ओवी, तुम्ही वर्णन फार छान केलंय. पहिली जी दोन पानं दिसतात ती खरी पानं नसतात, ती बीजपत्रं. बियांच्या आत घडी घालून ठेवलेली असतात. त्यांच्यावरून घराणं कळतं. नंतर येणाऱ्या खऱ्या पानांवरून झाड कळतं. म्हणून दोन्हींचं वर्णन हवं.

नंबर १ तेरडा, यात मला शंका नाही. जाड गोल बीजपत्रं, टोकाशी खाच आणि पाणीदार देठ ही त्याचीच लक्षणं. गंमत म्हणजे फुलाचा रंगही आत्ताच सांगता येईल. ज्यांचा देठ लालसर आहे त्यांना लाल किंवा गुलाबी फुलं येतील. ज्यांचा पूर्ण पोपटी आहे त्यांना बहुतेक पांढरी किंवा अगदी फिकी.

नंबर २ गुलबक्षी. दोन बीजपत्रं लहानमोठी असणं ही तिची खूण.

---

बागवानकाका | ४ जुलै, १०:१०

शिरीषताईंशी सहमत. गुलबक्षीबद्दल एक सूचना. तिचं बी काळ्या मिऱ्यासारखं असतं, शेजारच्या अंगणातून घरंगळत येतं. रोप लहान आहे तोवर हलवायचं असेल तर हलवा. एकदा खाली गड्डा धरला की वरून कितीही कापा, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर.

आता मुख्य मुद्दा. मी चौतीस वर्षं शेतीखात्यात काढली. वाफ्यात काही पेरताना विखरून टाकू नये. ओळीत पेरावं. ओळीत उगवलं ते आपलं, ओळीबाहेरचं ते तण. एवढा साधा नियम पाळला असता तर हा धागाच लागला नसता. आपल्याकडे 'तण खाई धन' म्हणतात ते खरंच आहे. खाऊपिऊ घातलेल्या मातीत तण फुलझाडाच्या दुप्पट वेगानं वाढतं.

---

ओवी_सातारा | ४ जुलै, १०:४५

काका, ओळीतच पेरलं होतं, पावसानं ओळ ठेवली नाही :)

पण खणायच्या आधी या वाफ्यात जवळजवळ काहीच नव्हतं. मग एवढं सगळं आलं कुठून?

---

बागवानकाका | ४ जुलै, ११:२०

खणलंत म्हणूनच आलं. जमिनीत तणांचं बी वर्षानुवर्षं निजून असतं. पुष्कळ बियांना उगवायला उजेड लागतो. खालची माती वर आली, उजेड दिसला आणि पाणी मिळालं, की ती जागी होतात. दुसरं, शेणखत नीट कुजलेलं नसेल तर गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यातून तसंच येतं. हाताला गरम लागणारा, वास मारणारा खताचा ढीग म्हणजे अजून कुजतोय. पुढच्या वेळी काळं, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचं खत बघून घ्या.

---

अनघा_क | ४ जुलै, १२:०५

नंबर ३ ला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका!! ते गाजरगवत असणार.

माझ्या वडिलांना याची ॲलर्जी झाली होती. दर पावसाळ्यात मानेवर, पापण्यांवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला चट्टे उठायचे. सुरुवातीला आम्ही साबण बदलला, मग कपडे धुवायची पावडर बदलली. दोन वर्षं गेली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ मोकळा प्लॉट आहे का? होता, आणि तो गाजरगवतानं भरलेला होता. बाबा रोज सकाळी त्याच्या कडेनं फिरायला जायचे. प्लॉट साफ करून घेतला आणि त्यांनी फिरायचा रस्ता बदलला, तेव्हा कुठे त्रास कमी झाला. त्या दोन वर्षांत त्यांची जी तगमग बघितली ती आठवली की अजून कसंतरी होतं. म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितेय.

---

मिरजेचा_मिलिंद | ४ जुलै, १२:३०

गाजरगवत म्हणजेच काँग्रेस गवत ना? ते म्हणे अमेरिकेच्या गव्हातून आलं.

---

शिरीषकळी | ४ जुलै, २:१०

हो, तेच. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर फोफावलं. मूळचं ते अमेरिका खंडातलं. आयात गव्हातून आलं ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण त्याच्या काही नोंदी त्याच्याही आधीच्या असल्याचं अभ्यासक सांगतात. त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ साली बंगळूरजवळ मुद्दाम सोडले होते. पावसाळ्यात पिवळट अंगावर काळ्या नागमोडी रेघा असलेले भुंगे गाजरगवतावर दिसले तर त्यांना मारू नका, ते आपलं काम करताहेत.

ओवी, ३ आणि ४ मधला फरक असा तपासा. गाजरगवताची पानं एकाआड एक येतात आणि सुरुवातीला जमिनीवर चक्रासारखी पसरतात. त्यांवर बारीक, राखाडी लव असते. कॉसमॉस आणि झेंडू यांची सुरुवातीची पानं समोरासमोर, जोडीनं येतात आणि खोड लगेच उभं राहतं. कापरी पान तिन्हींचं असतं, त्यामुळे पानाच्या नक्षीवर जाऊ नका. ते खोडाला कसं जोडलंय ते बघा.

मग झेंडू की कॉसमॉस? पान उन्हासमोर धरा. झेंडूच्या पानात कडेनं बारीक, पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, चुरडल्यावर वास त्यांचाच येतो. कॉसमॉसला ते ठिपके नसतात.

---

परदेशी_पाहुणी | ४ जुलै, ३:००

(इथे पहाट व्हायचीय, पण हा धागा बघून राहवलं नाही.)

मी न्यू जर्सीत राहते. पहिल्या वर्षी कुंपणाशी एक वेल उगवली, तीन-तीन पानांची, तुकतुकीत. मला वाटलं घेवड्याचाच काही प्रकार असेल, म्हणून आधार देऊन वर चढवली! जून महिन्यात हात सुजले आणि पाण्यानं भरलेले फोड आले. ती पॉयझन आयव्ही होती. इथल्या लहान मुलांनाही तीन पानांची वेल ओळखायला शिकवतात, मला कोण शिकवणार? तेव्हापासून अनोळखी रोपाला मोज्याशिवाय हात नाही. अनघा, अगदी पटलं.

---

कोकणकन्या_रत्नागिरी | ४ जुलै, ४:१८

नंबर ७ बद्दल कुणीच बोललं नाही. कोंबडा पेरलाय म्हणताय तर कोंबडाच असेल. पण आमच्याकडे अशीच जांभळट रोपं माठाचीही असतात. आणि कुर्डूचीही. कुर्डूची कोवळी भाजी काय लागते म्हणून सांगू! पहिल्या पावसात टाकळा आणि कुर्डू आले की महिनाभर भाजी विकत आणायला नको.

तेरड्याबद्दल बोलायचं तर आमच्या गौरी तेरड्याच्याच असतात. मुळासकट रोपं आणतात, त्यांची पूजा. त्यामुळे ओवी, नंबर १ मधली आठ-दहा तरी गौरींसाठी राखून ठेवाच. सासूबाईंचं आणि तुमचं दोघींचंही काम होईल.

---

शिरीषकळी | ४ जुलै, ५:०५

कोंबडा आणि कुर्डू वेगळे काढता येणार नाहीत. ती एकाच जातीची भावंडं आहेत. कुर्डू रानातला, कोंबडा माणसानं निवडत निवडत तुरा फुगवलेला. तुरा आल्याशिवाय ओळख पटायची नाही. माठ मात्र वेगळा काढता येईल. रानमाठाच्या पानाचं टोक निमुळतं नसतं, तिथे बारीकशी खाच असते. भिंग घेऊन बघा.

---

सुगरण_सई | ४ जुलै, ६:४०

एवढं भिंग कशाला? पान तोडून जिभेवर ठेवायचं. आंबट लागली तर आंबुशी, खारट-आंबट तर घोळ, काहीच चव नाही तर माठ. माझी आजी असंच ओळखायची.

---

बागवानकाका | ४ जुलै, ७:०२

सईताई, हे कृपा करून सांगू नका. आपल्या आजींना आधी नजरेनं ओळख पटलेली असायची, चव त्या फक्त खात्रीला घ्यायच्या. शहरात वाढलेल्या मुलीनं अनोळखी पान जिभेवर ठेवणं निराळं.

माझ्या चुलत्यांच्या घरी माठाच्या भाजीत धोतऱ्याचा कोवळा पाला गेला होता. उकिरड्याशेजारचा माठ, त्यात धोतरा उगवलेला, आणि खुडणाऱ्या पोरानं सगळंच ओच्यात भरलं. रात्री काकूंच्या घशाला कोरड पडली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, भिंतीवर माणसं दिसतात म्हणू लागल्या. बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाचल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या रात्रीचा कंदील आणि काकूंचं ते बडबडणं मला आजही दिसतं. वास घ्या, चुरडा, चीक येतो का बघा, पण जिभेला लावू नका.

---

सुगरण_सई | ४ जुलै, ७:३०

काका, बरोबर आहे तुमचं. मी फक्त माझ्या घरातलं सांगितलं, त्याचा असा अर्थ होईल हे ध्यानात आलं नाही. ओवी, चव घेऊ नकोस गं.

---

गच्चीवरची_बाग | ४ जुलै, ८:१०

चिकावरून आठवलं. नंबर ६ ची एक काडी मोडून बघा. पांढरा दुधासारखा चीक आला तर ती दुधी, उपटून टाका. चीक नाही, पान मांसल आणि चमच्यासारखं असेल तर घोळ, तिची भाजी होते. पान सुईसारखं बारीक, गोल असेल तर तुमचा ऑफिस टाइम. मात्र हल्ली नर्सरीत चपट्या पानांचा ऑफिस टाइमही मिळतो, तो घोळीसारखाच दिसतो. मी एकदा तो घोळ समजून सगळा उपटला होता, हळहळ वाटली.

---

ओवी_सातारा | ५ जुलै, सकाळी ८:२०

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर हातमोजे घालून, भिंग घेऊन बसले. सासूबाईही खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, वाकता येत नाही, पण नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

नंबर ३: एकाआड एक पानं, लव आहे. गाजरगवत. मुळासकट काढलं, एकूण एकवीस निघाली!
नंबर ४: पानं जोडीनं. काहींत ठिपके दिसले, चुरडल्यावर झेंडूचा वास आला. बाकीचा कॉसमॉस. म्हणजे एकच नंबर देऊन मी दोन झाडं एकत्र मोजत होते.
नंबर ६: मोडल्याबरोबर पांढरा चीक. गेली. पण तिच्या खाली तीन सुईपानांची रोपं दबलेली सापडली, तो ऑफिस टाइम!
नंबर ७: टोकाला खाच नाही. म्हणजे कोंबडा किंवा कुर्डू. ठेवतेय.
नंबर ५ राहिलं. सासूबाई म्हणतात भेंडी. पण आमच्याकडे भेंडीचं बी नव्हतंच.

---

मिरजेचा_मिलिंद | ५ जुलै, ९:००

जास्वंद?

---

परदेशी_पाहुणी | ५ जुलै, ९:१२

होलीहॉक? आमच्याकडे त्याचं रोप असंच दिसतं.

---

कोकणकन्या_रत्नागिरी | ५ जुलै, ९:४०

कापूस पण असू शकतो. देवाच्या वातींसाठी कुणी सरकी टाकली असेल.

---

शिरीषकळी | ५ जुलै, ११:००

भेंडी, जास्वंद, होलीहॉक, कापूस ही सगळी एकाच कुळातली, म्हणून प्रत्येकाला आपापल्या ओळखीचं झाड दिसतंय. म्हणजे घराणं आपल्याला सापडलं. खात्रीसाठी एक पान पाण्यात चुरडा. बुळबुळीत झालं तर या कुळावर शिक्कामोर्तब. नेमकं कोण ते पुढची पानं सांगतील.

तोवर एक सुचवते. त्यातली दोन रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलून नर्सरीच्या काळ्या पिशवीत लावा आणि माळीदादांच्या हाताबाहेर ठेवा. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. दर चार दिवसांनी त्याच जागेवरून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. मी विद्यार्थ्यांना हेच करायला लावते. वर्षभरात प्रत्येकाकडे आपल्या परिसरातल्या तीस-चाळीस रोपांची वही तयार होते, आणि अशी वही कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आणखी एक. उरलेलं झेंडूचं आणि कॉसमॉसचं बी एका कुंडीत नावानिशी पेरून ठेवा. वाफ्यात शंका आली की त्या कुंडीशी ताडून बघायचं.

---

बागवानकाका | ५ जुलै, ११:३०

ही कुंडीची युक्ती उत्तम. मला इतकी वर्षं सुचली नव्हती. यंदा करून बघतो.

---

सह्याद्री_भटक्या | ५ जुलै, रात्री ९:१५

थोडं अवांतर. ओवी, तुम्ही साताऱ्याच्या आहात म्हणून हात जोडून विनंती. कॉसमॉसचं जास्तीचं बी कास रस्त्यावर किंवा कुठल्याही डोंगरावर टाकू नका. पावसाळी सहलीला जाताना बरेच लोक हौसेनं बी उधळतात. पुण्याच्या आसपास टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला पिवळा-केशरी कॉसमॉस इतका माजलाय की खाली आपला रानतेरडा, सोनकी यांना जागाच उरत नाही. तो मूळचा मेक्सिकोकडचा. फोटोत सुंदर दिसतो, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं ते तिथल्या कातळावरच्या वीतभर मातीत उगवणाऱ्या फुलांमुळे. वाफ्यात खुशाल लावा, पण बी धरायच्या आधी बोंडं खुडा.

---

गच्चीवरची_बाग | ५ जुलै, ९:५०

पण कॉसमॉसवर मधमाश्या किती येतात! अगदीच वाईट म्हणू नका त्याला.

---

सह्याद्री_भटक्या | ५ जुलै, १०:०५

मधमाश्या सोनकीवरही येतात. माझा आक्षेप गच्चीतल्या कॉसमॉसला नाही, डोंगरावरच्या कॉसमॉसला आहे.

---

ओवी_सातारा | ६ जुलै, रात्री ८:३०

भटक्या, नक्की. बोंडं खुडून घरातच ठेवीन.

माळीदादा येऊन गेले. मी आधीच प्रत्येक ठेवायच्या रोपाशेजारी एकेक खडा ठेवला होता. त्यांनी खड्यांना हात लावला नाही, बाकी सगळं साफ केलं. जाताना म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी खडे कमी ठेवा, मलाही काहीतरी काम राहू द्या."

नंबर ५ पाण्यात चुरडलं. बुळबुळीत! दोन पिशवीत, सहा वाफ्यात.

---

ओवी_सातारा | २ ऑगस्ट, दुपारी १:१५

धागा वर काढतेय, जरा घाबरून.

नंबर ५ आता कमरेइतकं झालंय. खालची पानं साधी होती, त्यावरची तीन बोटांची आली, आणि आता पाच बोटांची येताहेत, लांब, अरुंद, दातेरी. आज समोरचे काका फाटकाशी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर गांजा! आजच्या आज उपट, नाहीतर पोलीस येतील." आता सासूबाई अस्वस्थ झाल्यात. काय करू?

---

मिरजेचा_मिलिंद | २ ऑगस्ट, १:३०

बापरे. गांजाची लागवड १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. आपोआप उगवलं हे कोण ऐकणार? उपटा आणि मोकळे व्हा.

---

शिरीषकळी | २ ऑगस्ट, २:२०

थांबा! ओवी, तीन गोष्टी बघा.

एक, पानं खोडावर जोडीनं आहेत की एकाआड एक? गांजाची खालची पानं समोरासमोर असतात. दोन, बोटं देठापर्यंत पूर्ण सुटी आहेत की खाली तळव्यासारखी जोडलेली? गांजाचं प्रत्येक बोट ही स्वतंत्र पर्णिका असते, अगदी देठापर्यंत सुटी. तीन, खोडावर बारीक काटे लागतात का?

बुळबुळीत चोथा झाला होता ना? तेव्हाच गांजा बाद झाला.

---

ओवी_सातारा | २ ऑगस्ट, २:४५

एकाआड एक. बोटं खाली जोडलेली आहेत, सगळं मिळून एकच पान. आणि हो, खोडावरून हात फिरवला तर बारीक टोचतं!

---

वऱ्हाडी_ठेचा | २ ऑगस्ट, ३:१०

अवो ताई, हे तं अंबाडी हाये! एवढा मोठा धागा झाला अन् मी आज पायतो, नाहीतं जुलैतच सांगतलं असतं. उपटू नका बरं!

आमच्या यवतमाळकडे तुरीच्या-कपाशीच्या कडेनं अंबाडीचे तास टाकतात. कोवळ्या पाल्याची भाजी, बोंडातल्या बियांचं तेल, अन् उभ्या काडीचा वाख. माझे आजोबा काड्या भिजत घालत, मग सोलून वाख काढत आणि दोर वळत. पोळ्याला बैलांसाठी नवा कासरा अंबाडीचाच. नायलॉन आला तसं ते बंद झालं. भिजलेल्या काड्यांचा वास लई वाईट, पण मले मात्र आता तो वास आला की आजोबा समोर दिसतात.

पानं सुरुवातीला साधी, मग तीन बोटी, मग पाच बोटी, हे तिचं नेहमीचंच. आंबट असते, पण तुमच्या काकांनी चव घेऊ नका म्हटलंय तं आधी फूल येऊ द्या.

---

शिरीषकळी | २ ऑगस्ट, ३:४०

अंबाडीच! बोटांची पानं फुटली तेव्हाच मला सुचायला हवं होतं. समोरच्या काकांचा गैरसमज अगदी साहजिक आहे. लिनियसलाही तेच साम्य दिसलं, म्हणून त्यानं तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' म्हणजे भांगेसारखी हा शब्द ठेवला. लाल देठाची आणि सरबताच्या लाल बोंडांची अंबाडी वेगळी, ती हिची बहीण.

---

बागवानकाका | २ ऑगस्ट, ४:००

वऱ्हाडी भाऊ, शाबास. मी सगळी नोकरी नाशिककडे केली, अंबाडी फक्त बाजारात जुडीत पाहिली. रोप कधी पाहिलं नव्हतं.

प्रश्न मात्र उरतोच. साताऱ्यात ही आली कशी?

---

ओवी_सातारा | २ ऑगस्ट, रात्री ९:००

उत्तर सापडलं! हे सगळं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवत होते. 'तुरीच्या कडेनं' हे शब्द आले आणि त्या एकदम म्हणाल्या, "पोतं!"

मे महिन्यात नांदेडहून आमच्या आत्याबाईंनी ज्वारीचं पोतं पाठवलं होतं. ज्वारी डब्यात भरल्यावर रिकामं पोतं सासूबाईंनी मला वाफ्याच्या त्याच कोपऱ्यात झटकायला सांगितलं होतं. मी झटकलं आणि विसरून गेले. आत्याबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आमच्या ज्वारीत अंबाडीचे तास असतातच, मळणीत थोडं बी येणारच.

समोरच्या काकांना बोलावून पान दाखवलं. त्यांनी खोडाला हात लावून बघितला. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच थांबवून सांगतात, "ही अंबाडी बरं का."

---

कोकणकन्या_रत्नागिरी | २ ऑगस्ट, ९:३०

नांदेडची बी साताऱ्यात, ओळख यवतमाळच्या माणसाकडून! वाचनखूण साठवली.

---

ओवी_सातारा | २१ सप्टेंबर, सकाळी १०:१०

गौरी झाल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण आमचा तेरडा महिनाभर फुलतोय. लाल देठांना लाल-गुलाबी फुलं आली आणि पोपटी देठाच्या चारही रोपांना पांढरी. शिरीषताई, चारपैकी चार! लेकीनं वहीत रोपाच्या फोटोशेजारी फुलाचा फोटो चिकटवलाय.

नंबर ७ ला तुरे आले. निमुळते, गुलाबी-पांढरे. कुर्डू. पुडीतला कोंबडा एकही उगवला नाही बहुतेक. थोडं वाईट वाटलं, पण सासूबाईंनी तेच तुरे आघाडा आणि दूर्वांच्या जोडीला गौरीपुढे मांडले, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीनं ते कुठून आणले म्हणून विचारलं.

---

कोकणकन्या_रत्नागिरी | २१ सप्टेंबर, १०:४०

अगं, भाजी करायची होतीस ना कोवळी असताना! पुढच्या वर्षी लक्षात ठेव.

---

ओवी_सातारा | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

आज नंबर ५ ला पहिलं फूल! फिकट पिवळं, मधोमध गडद तांबडं-जांभळं. सहाला उठले तेव्हा पूर्ण उमललेलं होतं. आत्याबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, दुपारी बघायला जाऊ नको, मिटलेलं असेल. लेकीच्या वहीत आता नाव शाईनं लिहिलंय, इतके दिवस पेन्सिलीनं 'नंबर ५' होतं.

---

शिरीषकळी | १२ ऑक्टोबर, ८:००

किती छान! पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांची नळी दिसेल, थेट जास्वंदीसारखी. मिलिंद, तुमचा अंदाज कुळापुरता बरोबर होता.

---

वऱ्हाडी_ठेचा | १२ ऑक्टोबर, ८:४५

ताई, आता खात्री झाली ना? मंग शेंड्याची कोवळी पानं खुडा. पाला उकडून पहिलं पाणी टाकून द्या, म्हणजे आंबटपणा बेताचा राहते. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात घोटा. वरून तेलात लसूण लाल होईपर्यंत तळून सुक्या मिरचीची फोडणी. भाकरीसंगं खा. दोन-चार झाडं मात्र बियांसाठी ठेवा.

---

बागवानकाका | १२ ऑक्टोबर, ९:१०

बी धरलं की मला थोडं पाठवा. नाव लिहिलेल्या कुंडीत लावीन.

---

ओवी_सातारा | १२ ऑक्टोबर, ९:३०

नक्की, काका. वऱ्हाडीदादा, कण्या आधी भिजवायच्या का? सासूबाई विचारताहेत, त्यांनी जातं काढलंय.

---

वऱ्हाडी_ठेचा | १२ ऑक्टोबर, ९:४२

अर्धा तास पुरे. अन् त्याच पोत्यातली ज्वारी उरली असंन तं तिच्याच कण्या भरडा.